दुसऱ्याचे ओझे

नाशिकमध्ये पापातून सुटण्याच्या तीन वाटा एकमेकींपासून फार दूर नाहीत. रामकुंडावर रोज माणसे गोदावरीत उतरतात आणि सिंहस्थात त्यांची संख्या लाखांवर जाते. या नदीच्या जन्माची कथाच मुळी प्रायश्चित्ताची आहे. गौतम ऋषींच्या हातून नकळत गाय मेली. त्या पातकातून सुटण्यासाठी त्यांनी ब्रह्मगिरीवर तप केले आणि गंगा खाली उतरली, अशी ती कथा. म्हणूनच गोदावरीला गौतमी म्हणतात. शरणपूरच्या चर्चमध्ये दर गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरील मरणाची आठवण होते. ते मरण आपल्या पापांसाठी होते, अशी तिथे जमलेल्यांची श्रद्धा असते. आणि बकरी ईदच्या सकाळी शहाजहानी ईदगाहवर हजारो मुसलमान नमाज पढतात, घरी परतून हजरत इब्राहीम (अ.) यांच्या आठवणीने कुर्बानी करतात.

शेजारी म्हणून आपण एकमेकांच्या सणांना शुभेच्छा देतो, फराळ आणि शीरखुर्म्याची देवाणघेवाण करतो. पण शेजाऱ्याची श्रद्धा नेमकी काय आहे, हे क्वचितच विचारतो. ख्रिस्ती प्रायश्चित्ताची कल्पना तर आपल्या समाजात बहुधा एका वाक्यात निकालात निघते. एकाने केलेले पाप दुसऱ्याच्या मरणाने कसे धुतले जाईल? प्रश्न रास्त आहे. मात्र तो विचारून झाला की आपण जिंकल्यासारखे थांबतो. १८५४ साली आग्र्याला पाद्री फँडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांचा मोठा जाहीर वाद झाला होता. त्याच्या आठवणी दोन्ही बाजूंनी अभिमानाने जपल्या. कोण जिंकले यावर पुष्कळ लिहिले गेले. पाप केलेल्या माणसाने पुढे करायचे काय, हा प्रश्न मात्र अशा वादांत मागेच राहतो.

आधी ती श्रद्धा तिच्या माणसांना ओळखू येईल अशा शब्दांत मांडली पाहिजे. ख्रिस्ती माणूस म्हणतो, पापामुळे माणसाचे देवाशी नाते तुटले आहे आणि ते स्वतःच्या बळावर जोडणे त्याला शक्य नाही. देव न्यायी आहे, म्हणून तो पापाकडे डोळेझाक करीत नाही. तो प्रेमळही आहे, म्हणून माणसाला टाकून देत नाही. तेव्हा येशूच्या रूपाने देव स्वतःच माणसाच्या बाजूला येऊन उभा राहिला आणि पापाची किंमत त्याने स्वतः भरली. आपण मुसलमान हा मुद्दा ऐकताना नेमके इथेच चुकतो. आपल्याला वाटते, देवाने कुणा तिसऱ्याच निरपराधाला पकडून शिक्षा दिली. ख्रिस्ती श्रद्धेत तो तिसरा नाही. किंमत घेणारा आणि भरणारा एकच आहे. ही गोष्ट आपल्याला मान्य होणार नाही, कारण आपली तौहीद तिथे आडवी येते आणि कुराण हजरत ईसा (अ.) यांना क्रुसावर मारले गेल्याचेच नाकारते. पण न मानणे वेगळे आणि न समजून घेणे वेगळे.

या श्रद्धेसाठी मराठी ख्रिस्ती लोकांनी वापरलेले शब्दही विचार करण्यासारखे आहेत. 'तारण' हा त्यांचा मुख्य शब्द. तो 'तारणे' या क्रियापदातून आलेला. पण पतपेढीत दागिना ठेवून कर्ज काढणाऱ्यालाही तोच शब्द ठाऊक असतो. मराठी बायबलमध्ये येशूच्या मरणाला 'खंडणी' असेही म्हटले आहे. आज हा शब्द गुंडांच्या बातम्यांत भेटतो. बायबलमध्ये तो बंदिवानाला सोडवण्यासाठी मोजलेल्या किमतीच्या अर्थाने आला आहे. आता खंडणी म्हटली की ती कुणाला दिली, हा प्रश्न येतोच. चर्चच्या आरंभीच्या काळातील काही आचार्य म्हणाले, सैतानाला. माणूस त्याच्या कैदेत होता. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने हे साफ नाकारले. सैतानाचा माणसावर कसला हक्क? देवाचा मान दुखावला होता, त्याची भरपाई देवालाच झाली, असे त्याचे म्हणणे. त्याच्या पुढच्या पिढीतील अबेलार म्हणाला, क्रुसावर दिसते ते प्रेम आणि ते पाहून माणसाचे मन पालटते. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने न्यायालयाची भाषा वापरली. शिक्षा व्हायलाच हवी होती, ती येशूने आपल्या जागी भोगली. म्हणजे ख्रिस्ती जगातही या गोष्टीचे एकच एक स्पष्टीकरण कधी नव्हते. प्राचीन मतांगीकारात पापक्षमेवर विश्वास आहे. ती कशी घडते याचा एकच सिद्धांत तिथे बांधून दिलेला नाही.

या सगळ्याच्या मागे यहुदी परंपरा आहे. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणले जात. एकाचा बळी दिला जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून मुख्य याजक लोकांची पापे उच्चारी आणि तो बकरा रानात सोडून दिला जाई. पापे त्याच्याबरोबर जात. हिब्रूतील 'किप्पूर' आणि आपल्या शरियतमधला 'कफ्फारा' हे शब्द एकाच धातूचे, जणू सख्खे भाऊ. पण हे भाऊ पुढे वेगळ्या घरांत वाढले.

आपल्या घरात काय शिकवले गेले? हजरत आदम चुकले, त्यांनी तौबा केली, अल्लाहने ती कबूल केली. विषय तिथे संपला. ते पाप पुढच्या पिढ्यांच्या रक्तात उतरले नाही. कुर्बानीचे मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो माणसाचा तकवा, हेही कुराणाने स्वच्छ सांगितले. आणि ओझे वाहणारा कुणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे तत्त्व कुराणात पाच वेळा आले आहे. कफ्फारा आहे, पण तो पाप करणाऱ्यानेच द्यायचा. शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवू घाला, गुलाम मुक्त करा, ते शक्य नसेल तर रोजे ठेवा. त्यात दुसऱ्या कुणाच्या वेदनेचा हिशेब नाही. गुन्हेगाराने स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या भुकेतून काहीतरी काढून गरजवंताला द्यायचे आहे.

येशूने स्वतः सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट या विचाराच्या जवळची वाटते. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, सगळे उधळतो, कंगाल होऊन परततो. बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जातो आणि कवटाळतो. मध्ये कुणी बळी पडत नाही, भरपाई मागितली जात नाही. मग क्रुसाची गरज काय, असा प्रश्न मुसलमानच नव्हे, काही ख्रिस्ती विचारवंतही विचारत आले आहेत. याला एक उत्तर आहे आणि ते मला विचार करायला लावते. त्या गोष्टीत बापाने काहीच दिले नाही, असे कुठे आहे? इस्टेटीचा वाटा गेला. गावात अब्रू गेली. मोठा मुलगा रुसून अंगणात उभा राहिला. माफीची किंमत बापानेच भरली. फक्त त्याने ती मुलाच्या नावावर मांडली नाही.

रोजच्या व्यवहारातही हेच दिसते. वाण्याने एखाद्याची पाच हजारांची उधारी माफ केली, तर ते पाच हजार हवेत विरत नाहीत. तेवढा खड्डा वाण्याच्या गल्ल्यात पडतो. कुराण म्हणते, कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत द्या आणि कर्ज सोडूनच दिले तर ते अधिक चांगले. त्याला कुराणाने सदका म्हटले आहे. सदका म्हणजे पदरचे देणे. म्हणजे माफी फुकट नसते, हे इस्लामही जाणतो. ख्रिस्ती माणूस हीच गोष्ट थेट देवाविषयी बोलतो. अल्लाहच्या खजिन्यात माफीने खड्डा पडत नाही, असे आपण म्हणतो आणि तो रहमान आहे, त्याला किमतीची गरज नाही, यावर माझा विश्वास आहे. पण माणसाने माणसाला केलेल्या माफीबद्दल ख्रिस्ती शेजारी जे सांगतो, ते मला खरे वाटते. कुणाला तरी ती भरावी लागते.

कोण भरतो, हे मात्र नेहमी दिसत नाही. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने दिलेल्या नव्या करारापासून त्यांचा शोध सुरू झाला होता आणि त्यांना ओढले ते प्रामुख्याने येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने. हा त्यांचा प्रामाणिक निर्णय होता. त्याची किंमत मात्र लक्ष्मीबाईंनी भरली. नवरा जिवंत असताना कित्येक वर्षांची ताटातूट, नातेवाइकांच्या घरचा आसरा, एका मुलाची काळजी. पुढे त्या टिळकांकडे परत गेल्या. काही काळ आपले सोवळे सांभाळत राहिल्या. मग जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केला आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना हलवले ते प्रायश्चित्ताच्या कोणत्या सिद्धांताने नव्हे. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुरे केले. त्यांच्या पुस्तकात नवऱ्याबद्दल कडवटपणा नाही, विनोद आहे. पण तो विनोद ज्या दिवसांवर बेतला आहे, ते दिवस त्यांनी काढले आहेत. त्यागाचे गोडवे गाताना तो त्याग कुणाच्या घरातून गेला, हे पाहायला हवे. धर्म कोणताही असो, बहुतेक वेळा तो घरातल्या बाईच्या वाट्यातून गेलेला असतो.

आता शरणपूरकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकजवळ ही ख्रिस्ती वसाहत उभारली. तिथे एक आश्रम आफ्रिकन मुलांसाठी होता. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमाराने गुलामांची गलबते पकडली की त्यातून सुटलेली काही मुले इथे आणली जात. ती लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली आणि नाशिकच्या हवेत वाढली. जेकब वेनराइट त्यांच्यापैकीच एक. लिव्हिंगस्टनचे १८७३ साली आफ्रिकेत निधन झाल्यावर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही होता. त्यानंतर प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रेअरटाऊन ही मुक्त गुलामांची वसाहत वसवली; नाशिकचे अनेक आफ्रिकन तिथे गेले.

या मुलांना कुणी गुलाम केले होते? ती गलबते मोठ्या प्रमाणावर अरबांची होती. नमाजी माणसांची होती. ज्या धर्माने गुलाम मुक्त करणे हा कफ्फारा ठरवला, त्या धर्माची माणसे लहान मुलांना विकत होती. इथे आपण लगेच युरोपकडे बोट दाखवतो आणि ते खोटेही नाही. अटलांटिकवरचा त्यांचा व्यापार भयानक होता. ब्रिटनने १८३३ साली आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली ती मालकांना. गुलामांना काहीच मिळाले नाही. खंडणी कुणाला दिली, या जुन्या प्रश्नाचे इतके उघडे उत्तर इतिहासात दुसरे क्वचितच सापडेल. पण दुसऱ्याचे पाप मोजल्याने आपले कमी होत नाही.

तेव्हा मुसलमानाने या गुलामांविषयी काय म्हणावे? कुणी कुणाचे ओझे वाहणार नाही, असे म्हणून मोकळे व्हावे? माझ्या मते हे त्या आयतीचा गैरवापर करणे होईल. कुराणातच वारशाचे नियम आहेत आणि तिथे अट अशी आहे की मृताचे कर्ज आणि त्याचे वसियतनामे फेडल्यावरच वारसांची वाटणी होते. मुलगा बापाच्या गुन्ह्यासाठी गुन्हेगार ठरत नाही. पण बापाची जमीन घ्यायची आणि त्या जमिनीवरचे कर्ज नाकारायचे, हे त्याला चालणार नाही. पाप वारसाने येत नाही. देणे मात्र इस्टेटीबरोबर येते. ज्याला इस्लामी संस्कृतीच्या इमारती, शायरी, विद्या यांचा अभिमान हवा आहे, त्याने त्या गलबतांतील मुलांचीही आठवण आपल्या वह्यांत ठेवली पाहिजे. निदान आपल्याच समाजात सिद्दी माणसाला, खालच्या मानलेल्या बिरादरीच्या माणसाला पंगतीत आणि सोयरिकीत कुठे बसवतो, हे तरी पाहिले पाहिजे.

हाच न्याय सर्वांना लागू आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालला, दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याला आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. त्या दारात उभ्या राहिलेल्या पुजाऱ्यांचे पाप आजच्या ब्राह्मण मुलावर नाही. पण त्या दारामुळे कुणाच्या पिढ्या पुढे गेल्या आणि कुणाच्या मागे राहिल्या, तो हिशेब अजून संपलेला नाही. रामकुंडात कितीही बुडी मारली तरी तो हिशेब नदीबरोबर वाहून जात नाही.

ओझ्याच्या आयतीची दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे. रानात सोडलेला तो बकरा समाजाला फार सोयीचा असतो. आपले पाप, आपली भीती, आपली चूक कुणातरी दुबळ्याच्या डोक्यावर ठेवून त्याला हाकलायचे, म्हणजे गाव शुद्ध झाले. नाशिक जिल्ह्यातच मालेगावला ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या शुक्रवारी, कब्रस्तानाजवळ बॉम्बस्फोट झाले. तीसहून अधिक माणसे मेली, बहुतेक नमाजला आलेली. पकडले गेले तेही मुसलमानच. नऊजणांवर आरोप ठेवले गेले, त्यांनी तुरुंगात वर्षे काढली. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने आठजणांना आरोपमुक्त केले. नववा त्याआधीच मरण पावला होता. दुसऱ्याचे ओझे निरपराधाच्या डोक्यावर ठेवले की काय होते, याचे हे आपल्या उंबऱ्याजवळचे उदाहरण. त्या आयतीचा अर्थ इथे धर्मचर्चेचा राहत नाही. निरपराधाच्या बाजूने उभा राहणारा तो कायदा आहे.

ख्रिस्ती श्रद्धेच्या बाजूने इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. येशूने ओझे स्वतः उचलले, असे ते मानतात. ते कुणी त्याच्यावर लादले नाही. आणि हा बळी शेवटचा, यापुढे कुणाचा बळी घ्यायचा नाही, असा त्या श्रद्धेचा खरा अर्थ आहे. स्वतः उचललेले ओझे आणि दुसऱ्यावर लादलेले ओझे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मालेगावच्या त्या तरुणांना कुणी, तुम्ही आमच्यासाठी सोसले, असे म्हणू लागला तर तो क्रुसाचाही अपमान होईल आणि त्यांचाही.

मग माफी द्यायची कुणी? इस्लाममध्ये अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क वेगळे मानले आहेत. नमाज चुकली तर ती अल्लाह आणि मी यांच्यातील गोष्ट. पण कुणाचा पैसा खाल्ला, कुणाची बदनामी केली, तर त्याच्याकडूनच माफी घ्यावी लागते. प्रेषित मुहंमद (स.) यांनी खऱ्या कंगालाचे वर्णन केले आहे. कयामतच्या दिवशी तो नमाज-रोज्यांची रास घेऊन येईल. पण त्याने कुणाला शिवी दिली, कुणाला मारले, कुणाचे लुबाडले. त्याची पुण्ये त्या पीडितांना वाटली जातील आणि ती संपली तर पीडितांची पापे त्याच्यावर टाकली जातील. वरवर पाहता इथे ओझे एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पण दिशा पाहा. इथे अपराधी आपल्या पीडिताचे ओझे उचलतो. ज्याने केले, तोच भरतो. ख्रिस्ती शेजाऱ्याला मला याच ठिकाणी प्रश्न विचारावासा वाटतो. देवाने माफ केले असे मानून माणूस शांत झोपला, तर ज्याचे नुकसान झाले तो कुठे गेला? येशूनेही सांगितले होते की वेदीवर अर्पण आणताना भावाचे मन दुखावल्याचे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे आणि आधी त्याच्याशी समेट करावा. म्हणजे हा प्रश्न त्यांच्या घरातलाही आहे.

आपल्याकडे हजला जाणारा माणूस निघण्याआधी सर्वांना 'कहासुना माफ करना' म्हणतो. रिवाज सुंदर आहे. हल्ली तो मोबाइलवरच्या एका संदेशाने दोनशे जणांना एकदम पोहोचतो. त्या दोनशेंपैकी बहुतेकांचे आपण काही बिघडवलेले नसते. ज्या बहिणीचा वडिलार्जित जमिनीतील हिस्सा आपण दाबून ठेवला, ज्या कामगाराची मजुरी बुडवली, त्याच्या दाराशी मात्र पाय जात नाहीत. कारण तिथे माफी मागायची तर आधी खिशात हात घालावा लागतो. आणि तो माफ करणार नाही, अशीही शक्यता असते. तो त्याचा हक्क आहे. त्याने नकार दिला तर ते ओझे आपल्याच पाठीवर राहील. ते घेऊनच हजला जावे लागेल, कुर्बानी करावी लागेल आणि परत आल्यावर पुन्हा एकदा त्याच्या दाराशी जावे लागेल.